खरवडीचे कारभारी

सिंगापुरात गोल टेबलाभोवती आठ-दहा माणसांचं चिनी कुटुंब जेवायला बसलं, की त्यात एक अंकल असतातच. बाकीचे जेवायला आलेले असतात, अंकल जेवण पार पाडायला आलेले असतात. आपल्याकडे लग्नघरात कोठीची किल्ली जानव्याला बांधून फिरणारे एक काका असायचे ना, त्यांचेच हे कँटोनीज चुलतभाऊ.

आमच्या इमारतीतले सातव्या मजल्यावरचे अंकल या जातीतले अस्सल. वय अडुसष्ट, गुडघ्यापर्यंतची चड्डी, पायात सपाता आणि शर्टाच्या खिशात चष्मा. तो चष्मा फक्त मेनू आणि बिल या दोनच गोष्टी वाचायला बाहेर निघतो. माझी आई मालवणहून आली आहे हे त्यांना लिफ्टमध्ये कळलं आणि तळमजला यायच्या आत शनिवारचं जेवण ठरलंसुद्धा. "आई भात खाते का?" एवढंच त्यांनी विचारलं. मालवणच्या बाईबद्दल!

जेवण होतं गेलांग भागात. तिथल्या बहुतेक गल्ल्यांना नावं नाहीत, आकडे आहेत. मुख्य रस्त्याच्या एका अंगाला सम, दुसऱ्या अंगाला विषम. अंकलना मात्र हे आकडे हिशेबात धरायची गरज पडत नाही. त्यांच्या लेखी ही बदकवाल्याची गल्ली, ती डुरियनवाल्याची आणि ही मडक्यातल्या भाताची. आम्ही पोचलो तेव्हा ते फुटपाथवरच्या टेबलाशी उभे होते आणि दहा खुर्च्यांपैकी सहांवर टिशूपेपरची एकेक पुडी ठेवलेली होती. टिशूची पुडी ठेवली की जागा आपली, हा इथला अलिखित कायदा. आपल्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकतात तसाच, फक्त इथे त्यावरून मारामारी होत नाही.

क्लेपॉट राइस, म्हणजे हा मडक्यातला भात, मूळचा कँटोनीज प्रकार. हाँगकाँगला तो थंडीत खातात. अंकल तो विषुववृत्तापासून जेमतेम दीड अंशावर, बारा महिने घाम पुसत खातात, आणि वर "थंडीचं जेवण आहे, अंगात ऊब येते" असंही सांगतात. मातीचं भांडं आतून झिलईचं, बाहेरून खडबडीत, तडकू नये म्हणून त्याला तारेची जाळी गुंडाळलेली. कच्चे तांदूळ त्यात कोळशावर शिजतात आणि अर्धवट शिजल्यावर वर चिकन, लाप चाँग नावाचं गोडसर सॉसेज, खारवलेला मासा असं रचतात. अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून अंकल दुपारीच फोन करतात. मग निघताना एकदा करतात. मग आलो हे सांगायला आतल्या भटारखान्यात स्वतः जातात. तिथून बाहेर येताना त्यांचा चेहरा बाळंतिणीच्या खोलीतून आलेल्या सुइणीसारखा असतो. "अजून वीस मिनिटं."

त्या वीस मिनिटांत कोणी पोट भरायचं नाही. शेंगदाण्याची बशी त्यांनी स्वतःकडे ओढून घेतली. नातवाने कोहळ्याचं सरबत मागवलं. (आईचा विश्वास बसेना. आपण ज्याला दारावर टांगतो त्याला हे लोक साखर घालून पितात!) अंकलनी आईच्या पेल्यात चहा ओतला, तेव्हा त्यांच्या मेहुण्यांनी तिला दोन बोटांनी टेबलावर टकटक करायला सांगितलं. चहा ओतणाऱ्याचे आभार मानायची ही त्यांची रीत. आईने एवढ्या मनापासून ठेका धरला, की अंकल ओततच राहिले.

टेबलावर चार पिढ्या. अंकलची आई नव्वदीच्या पुढची. तिला कँटोनीजशिवाय काही येत नाही. सिंगापूर सरकारने १९७९ साली "मँडरिन बोला" अशी मोहीम काढली आणि घराघरातल्या बोली हळूहळू मागे पडल्या. पणतवाला इंग्रजी येतं आणि शाळेपुरतं मँडरिन. पणजी आणि पणतू यांच्यातला सगळा व्यवहार त्यामुळे चॉपस्टिक्सच्या टोकावर चालतो. ती त्याच्या वाडग्यात चिकन टाकते, तो तिच्या वाडग्यात मऊ टोफू टाकतो, आणि दोघं मान हलवतात. मधे अंकल दुभाषे. म्हातारी तीन मिनिटं बोलली, तर अंकल भाषांतर करतात, "खा म्हणते."

वाफवलेला अख्खा मासा आला. एक बाजू संपल्यावर मी भाबडेपणाने तो उलटायला गेलो आणि चार हात एकदम पुढे आले. मासा उलटला की होडी उलटते! अंकलनी मधला काटा अलगद उचलून बाजूला ठेवला. आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे तुला दर्यावर्दी गावात जन्मून चिनी माणसाने शिकवावं लागतं?

आणि मडकं आलं.

झाकण कोणी उघडायचं हा प्रश्नच नव्हता. अंकल उभे राहिले. काकवीसारखा दाट काळा सोयासॉस त्यांनी कडेकडेने गोल फिरवला, वर तेल सोडलं आणि झाकण परत लावलं. "दोन मिनिटं." पणतवाने हात पुढे केला, चापट खाल्ली. झाकण निघालं तेव्हा खाऱ्या माशाचा वास सगळ्या टेबलावर पसरला आणि आई खुर्चीत सरळ झाली. "मेल्या, ह्यो तर खारो बांगडो!"

बांगडा नव्हता तो. पण मी भाषांतर केलं आणि अंकलचा चेहरा असा उजळला, जणू हरवलेली बहीण सापडली. त्यांनी मडक्याच्या तळाशी चमचा घातला आणि तांबूस, कुरकुरीत पापुद्रा उचकटून तिला दाखवला. आई म्हणाली, "खरवड." अंकल म्हणाले, "खारवाद." एवढ्या भांडवलावर दोघं पुढचा तासभर बोलत होती.

अंकलचा खरा हुद्दा इथे कळतो. वरचा भात कोणीही वाढावा, खरवड अंकलच वाटणार. पहिला तुकडा आईला, म्हणजे त्यांच्या. तिला दात नाहीत म्हणून तो गरम सुपात बुडवून. दुसरा पाहुणीला. तिसरा मेहुण्यांना, आकाराने जरा लहान, कारण मागच्या वेळचं बिल त्यांनी चोरून दिलं होतं. शेवटी मडक्यात एकच तुकडा उरला. त्याला कोणी हात लावेना. असा शेवटचा तुकडा उचलण्याच्या संकोचाला इथे होक्कियन भाषेत 'पाइसे' म्हणतात. आपल्याकडे बशीतल्या शेवटच्या भज्याला नाव तेवढं नाही, लाज तीच.

तेवढ्यात अंकल "जरा हात धुऊन येतो" म्हणून उठले. मेहुण्यांनाही त्याच क्षणी हात धुवायचे होते. दोघं गल्ल्याशी पोचले, पाकिटं निघाली, मनगटं धरली गेली. मी सोडवायला गेलो. गल्ल्यावरच्या बाईंनी शांतपणे सांगितलं, की पैसे सुनेने मघाशीच फोनवरून भरले आहेत.

अंकल हरले. पण चष्मा निघाला. दोनशेच्या वरच्या बिलात त्यांना ओल्या रुमालांच्या दहा पुड्या दिसल्या, प्रत्येकी ३० सेंट. आम्ही वापरल्या आठ. दोन तशाच बंद आहेत! क्षणापूर्वी दोनशे डॉलर द्यायला झोंबाझोंबी करणारा माणूस आता ६० सेंटसाठी हात कमरेवर ठेवून उभा राहिला. तत्त्वाचा प्रश्न होता. दहा मिनिटं वाद झाला आणि बाई अखेर म्हणाल्या, "ठीक आहे, पुड्या आणून दाखवा."

विजयी अंकल पुढे, मेहुणे मागे, मी त्यांच्या मागे, असे आम्ही टेबलाशी परतलो. मडकं रिकामं होतं. शेवटचा तुकडा दोन्ही आयांनी अर्धा अर्धा वाटून घेतला होता आणि त्या दोघी, एकमेकींशी एक शब्दही न बोलता, ओल्या रुमालांनी सावकाश बोटं पुसत होत्या.