पंधरा सेंटिमीटरचं मनगट

गेल्या रविवारी भाचा घरी आला तो बाही वर सारूनच. हिरवी तबकडी, सोनेरी कडा, स्विस नाव. "मामा, फर्स्ट कॉपी आहे. सेव्हन ए क्वालिटी. हुबेहूब! कुणालाच ओळखू येत नाही." पहिल्या पगारातले साडेतीन हजार मोजले होते पोरानं.

मला दारातूनच ओळखू आलं. त्यासाठी तबकडीवरचं नावही वाचावं लागलं नाही. पट्टा ज्या चार शिंगांत अडकतो, ती शिंगं मनगटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर डोकावत होती. शिवणाच्या डब्यातली टेप काढली आणि मोजलं. मनगटाचा घेर 15 सेंटिमीटर, वरचा सपाट भाग जेमतेम 5. घड्याळाची तबकडी कडेसकट 44 मिलिमीटर, शिंगं धरून 52. दुकानदारानं पट्ट्याच्या पाच कड्या काढून दिल्या होत्या, पण लॉकची सरळ पट्टी कुठे कमी होते? तिचं टोक मनगटाच्या हाडाला लागत होतं. तिथं कातडी लाल झालेली. पोरगा ते दुखणं आठवडाभर सोसत होता आणि वर हुबेहूब म्हणत होता.

हुबेहूब कशाशी? नक्कल करणारा लांबून ओळखू येईल तेवढंच उचलतो: रंग, कड, मुकुटाचं चिन्ह. घालणाऱ्याचा हात त्याच्या हिशेबात नसतो. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात. निदान सोनूबाईचा तो वाळा तिच्या मापाचा तरी असेल.

आणि हे "पुरुषाचं घड्याळ मोठंच हवं" कुणी ठरवलं? 55 मिलिमीटरची घड्याळं होती, दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन हवाई दलातली. जाड जॅकेटच्या बाहीवरून बांधायची आणि कॉकपिटमध्ये एका नजरेत वेळ वाचायची, म्हणून तेवढी. इटालियन नौदलाच्या पाण्याखाली काम करणाऱ्या जवानांसाठी पनेराईनं पुरवलेली 47 मिलिमीटरचीही तशाच कामाची. बाकीच्या पुरुषांनी विसाव्या शतकाचा बहुतेक काळ 31 ते 36 मिलिमीटरमध्ये सुखानं काढला. पाटेक फिलिपचं 1932 चं कॅलाट्राव्हा जेमतेम 31 चं. रोलेक्सचं 1945 चं डेटजस्ट 36 चं. एव्हरेस्टशी नातं सांगणारं एक्सप्लोररसुद्धा 36 चंच होतं. कंपनीनं 2010 मध्ये ते 39 वर नेलं आणि 2021 मध्ये पुन्हा 36 वर आणलं. म्हणजे अस्सल घड्याळ बनवणारे मनगटाकडे परत आले. आपली पोरं मात्र नकलेच्या नादानं अजून ताटल्या बांधून फिरतायत.

चौकोनी घड्याळांची तर गोष्टच वेगळी. कार्टिएचं टँक 1917 मधलं. रिव्हर्सो 1931 मधलं, आणि त्याची मुळं आपल्याकडच्या पोलोच्या मैदानात आहेत. हिंदुस्थानात खेळणाऱ्या ब्रिटिश अफसरांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून केसच उलटी फिरवून काच आत दडवायची युक्ती निघाली. घोड्यावरून खेळणाऱ्या रांगड्या माणसांसाठी केलेलं हे घड्याळ इतकं सडपातळ आहे की बारीक मनगटावर त्याच्याइतकं देखणं दुसरं काही मी पाहिलेलं नाही. त्याला बायकी म्हणणाऱ्याला घड्याळातलं काही कळत नाही, असं मी सरळ म्हणेन.

सोमवारी भाच्याला घेऊन आमच्या घड्याळवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि मागचं झाकण काढलं. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचं रुंद कडं, आणि त्याच्या मधोमध शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं सेलवरचं मशीन. बाकी सगळी पोकळी. तबकडीवर 300 मीटर छापलेलं, आणि झाकणाखाली पाणी अडवणारी रबरी रिंगच नाही. "हात धुताना सांभाळ," काका म्हणाले. "आणि बिघडलं तर माझ्याकडे आणू नकोस बाळा. याचे पार्ट मिळत नाहीत." भाचा त्या प्लॅस्टिकच्या कड्याकडे बराच वेळ बघत राहिला. इतक्या छोट्या मशीनला एवढं मोठं घर कशाला, हे त्याला कुणी सांगायची गरज उरली नाही.

माझा राग भाच्यावर नाही. जे काचेच्या कपाटात उघड उघड हा माल मांडून बसतात, त्यांच्यावर आहे. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात अशा विक्रीला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड लिहिलेला आहे. तरी कपाटं भरलेलीच. आणि त्याहून जास्त राग लग्नाच्या पंगतीत पोराचा हात धरून आधी "कितीचं?" विचारणाऱ्या आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांवर आहे. बावीस वर्षांच्या मुलाला आपलं मनगट कमी वाटायला लावलं ते आपण. दुकानदारानं त्यावर फक्त धंदा केला.

साडेतीन हजारांत अस्सल काहीच येत नाही, हेही खोटं. आपल्याच टायटननं 2002 मध्ये एज काढलं, सबंध घड्याळ साडेतीन मिलिमीटर जाडीचं. ते या पैशात बसणार नाही, पण साधं, 34-36 मिलिमीटरचं, स्वतःच्या नावानं विकलं जाणारं देशी घड्याळ नक्की बसतं. घेताना टेप बरोबर न्यायची. शिंगांच्या टोकापासून टोकापर्यंतचं अंतर मनगटाच्या सपाट भागाहून कमी हवं. तबकडीचा आकडा त्यानंतर विचारायचा.

आमच्या घरी तर तेवढाही खर्च लागला नाही. आजोबांचं एचएमटी जनता कपाटात पडून होतं. जपानच्या सिटिझनशी करार करून बंगळुरूला 1961 मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याचं, चावीचं, सतरा ज्वेलचं. कारखाना आता बंद आहे. काकांनी ते उघडून साफ केलं, थेंबभर तेल दिलं. नवा कातडी पट्टा भाच्याला शेवटच्या भोकावरही सैल होत होता. काकांनी आरी घेतली, मनगटाभोवती पट्टा धरून अंगठ्याच्या नखानं खूण केली आणि आणखी एक भोक पाडलं. भाच्यानं घड्याळ बांधलं, हात कानाशी नेला आणि बाही खाली ओढून घेतली.