जित्याची खोड

पेण तालुक्यातल्या जिते गावी एक कुमारकादंबरीकार राहतात, असं या सदरापुरतं धरून चालू. तेरा ते अठरा वयाच्या मुलांसाठी त्यांनी योजलेली नवी कादंबरी दिवाळीत येणार आहे. लिहून निम्मी झाली आहे. प्रसिद्धी मात्र पूर्ण झाली आहे.

आधी नाव जाहीर करण्याची तारीख जाहीर झाली. मग नाव जाहीर झालं. मग मुखपृष्ठाचा एक कोपरा दाखवण्यात आला. त्यात एका मुलाचा कान होता. गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर त्या कानाला भरपूर अंगठे मिळाले आणि त्याहून जास्त ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ आल्या, कारण कोणाचाही फोटो पडला की शुभेच्छा देऊन मोकळं व्हायचं, अशी ग्रुपांची रीत आहे. कॉलेजात जाणारा पुतण्या प्रसिद्धिप्रमुख झाला. त्याने जिते स्टेशनच्या फलाटावर ट्रेलर काढला. मागून दिवा-रोहा मेमू धडधडत जाते आणि पुढे नायक धावतो, असं ते दृश्य. त्या दिवशी गाडीला उशीर झाला, म्हणून नायक बराच वेळ धावण्याच्या पवित्र्यात उभा राहिला आणि तेवढ्यात त्याच्या क्लासची वेळ झाली. गाडी आली तेव्हा पुढे काका धावले.

फाट्यावर फ्लेक्सही लागला. त्याच्या एका बाजूला भावी सरपंच आहेत, दुसऱ्या बाजूला भावी आमदार. मधोमध भावी पुस्तक. शिवाय हा फाटा मुंबई-गोवा महामार्गावरचा. पळस्पे ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 साली सुरू झालं आणि तेव्हापासून गणपती जवळ आले की महामार्गाची नवी तारीख येते. तारीख द्यायची आणि वस्तू द्यायची नाही, हे कसब या रस्त्याकडेला राहणाऱ्या लेखकाला कोणी शिकवावं लागत नाही.

काका हे सगळं मनाने करत नाहीत. मोठ्या घरचे दाखले आहेत. अमेरिकेच्या जॉन ग्रीन यांनी 2011 साली ‘द फॉल्ट इन अवर स्टार्स’ हे नाव सांगितलं मात्र, पुस्तक दुकानात यायला महिनोन्‌महिने अवकाश असताना ते अ‍ॅमेझॉनच्या यादीत पहिलं जाऊन बसलं. पहिल्या छपाईतल्या प्रत्येक प्रतीवर सही करीन, असं ते बोलून गेले होते. छपाई निघाली दीड लाखांची. त्यांनी दीड लाख सह्या केल्या आणि जानेवारी 2012 मध्ये पुस्तक आलं. हे ऐकून काकांनी तातडीने सही बदलली. जुनी बँकेत होती, ती अशी घरोघर वाटणं बरं नव्हे. नव्या सहीचा सराव मुलांच्या जुन्या वह्यांवर चालू आहे.

अमिश त्रिपाठी यांनी 2010 साली ‘द इमॉर्टल्स ऑफ मेलुहा’चं पहिलं प्रकरण वेगळं छापून दुकानांच्या गल्ल्यांवर फुकट ठेवायला दिलं होतं. काकांनीही पहिलं प्रकरण छापून मेडिकलच्या गल्ल्यावर ठेवलं. कागद एका बाजूने कोरा होता. मेडिकलवाल्याने त्यावर गोळ्यांच्या वेळा लिहून द्यायला सुरुवात केली. अशा रीतीने कुमारांसाठी लिहिलेलं ते प्रकरण पंचक्रोशीतल्या ज्येष्ठ नागरिकांनी दिवसातून तीनदा, जेवणानंतर वाचलं.

चेतन भगत यांच्या ‘हाफ गर्लफ्रेंड’साठी 2014 साली फ्लिपकार्टने इंग्रजी वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर पानभर जाहिरात दिली होती. पुतण्याने पहिल्या पानाचा दर काढला. त्यावर पुन्हा चर्चा झाली नाही.

मग गुप्ततेचा प्रयोग झाला. हॅरी पॉटरचा शेवटचा भाग 21 जुलै 2007 रोजी आला, तोवर खोकी सीलबंद होती आणि मुंबईतली दुकानं त्यासाठी भल्या पहाटे उघडली होती. काकांनीही शेवट कोणालाच सांगायचा नाही, असं ठरवलं. हे व्रत सांभाळणं फार सोपं गेलं. कोणी विचारलंच नाही. खुद्द काकांनाही तो अजून सुचलेला नव्हता.

आगाऊ नोंदणीचं मात्र जित्यात कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. पुढचंच स्टेशन हमरापूर. तिथे आणि जोहे, तांबडशेत, कळवे या गावांत घरोघरी गणपतीचे कारखाने. परदेशी जायच्या मूर्ती उन्हाळ्यातच बोटीत चढतात. मुंबई-पुण्याचे व्यापारी आषाढाच्या आधी येऊन कच्चा माल, म्हणजे रंगवायच्या मूर्ती, ठरवून जातात. कोकणात घरचा गणपती सांगायचा तर आपला पाट महिनाभर आधी कारखान्यात नेऊन द्यायचा. चतुर्थीला त्याच पाटावर मूर्ती बसून येते. म्हणजे आगाऊ मागणी हा इकडचा पिढीजात धंदा. काकांनी हाच धागा पकडून एका कारखानदाराला नोंदणीचा क्यूआर कोड दाखवला. तो माणूस मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत होता. मान वर न करता म्हणाला, “आमी चतुर्थीची तारीख चुकवली तं लोक कारखान्यावर येतील. तुमची चुकली तं कोन येल?”

आख्ख्या प्रसिद्धिमोहिमेवरचं इतकं नेमकं परीक्षण पुण्या-मुंबईच्या समीक्षकालाही जमलं नसतं. काकांनी ते पुस्तकाच्या पाठीवर घेतलेलं नाही.

प्रकाशकाची चिंता निराळी. मराठीत एकेकाळी हजार-अकराशेंची आवृत्ती काढायची पद्धत होती. आता मागणीनुसार छपाई आली आहे, आणि मागणी सध्या क्यूआर कोडच्या आत आहे. वाचकाला आधीपासून झुलवत ठेवणं आपल्याकडे नवं नाही. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो’ त्यात हप्त्याहप्त्याने दिली. वाचक आठवडाभर वाट पाहत. फरक इतकाच की हरिभाऊ दर आठवड्याला कादंबरी देत होते. काका दर आठवड्याला रील देतात.

पुरस्काराची वाटही चाचपून झाली. साहित्य अकादमी 2011 पासून युवा पुरस्कार देते. अट लेखकाच्या वयाची, पस्तिशीपर्यंतची. वाचक युवा असला तर अकादमीची हरकत नसते, पण मदतही नसते. काकांनी पस्तिशी ओलांडली तेव्हा जित्याला मोबाईलची रेंज नव्हती.

पेण तालुक्याने महाराष्ट्राला एक प्रचंड खपाचा लेखक आधीच दिला आहे, हे पुतण्याला ठाऊक नव्हतं. गागोद्याचे विनोबा. त्यांच्या ‘गीताई’ची पहिली आवृत्ती 1932 साली निघाली, किंमत एक आणा, पुढे तिच्या लाखो प्रती गेल्या. लेखक त्या वर्षी धुळ्याच्या तुरुंगात होता. तिथे दर रविवारी तो गीतेवर बोलायचा आणि साने गुरुजी ते उतरवून घ्यायचे. पुढच्या वर्षी गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, जी आजही कुमारवयाच्या मुलांच्या हाती दिली जाते. पुतण्याने या साऱ्याचा विचार करून एकच सूचना केली: अटक. काकूंनी तो विषय तिथेच मिटवला.

खरी पंचाईत यानंतर झाली. मराठीत पंधरा-सोळा वर्षांच्या पोरांनी ज्यांच्यावर जीव टाकला, त्या लेखकांची मोठी प्रसिद्धी नेमकी केव्हा झाली, याचा तक्ता पुतण्याने बनवला. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे 1987 साली दूरदर्शनवर येऊन गेला, हे खरं. पण चित्रपटगृहात त्याची सायकल पोचली 2017 मध्ये. भागवत 2001 सालीच गेले होते. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ 1982 ची; कॉलेजच्या कट्ट्यांवर ती हातोहात फिरली. चित्रपट 2013 चा आणि त्यानंतर पुस्तक पुन्हा दुकानाच्या दर्शनी फळीवर. शिरवळकर 2003 मध्ये गेले. प्रकाश नारायण संतही 2003 मध्येच गेले. त्यांचा लंपन सोनी लिव्हवर मालिका होऊन आला 2024 साली. यांतल्या कोणालाही मुखपृष्ठाचा कोपरा दाखवावा लागला नव्हता. त्यांनी कोपरा न दाखवता आख्खं पुस्तक दिलं, आणि पोरांनी ते एकमेकांकडून मागून, लपवून, पानं सुटेपर्यंत वाचलं. अशा वाचनाची नोंद कुठल्याच क्यूआर कोडात पडत नाही.

काकांनी मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ पुढे केली: 2004 ची कादंबरी, 2012 मध्ये चित्रपटगृहात, लेखक हयात. पुतण्याने ती तक्त्यात तळटीप म्हणून घेतली. बाकीच्यांचा हिशेब त्याने मोबाईलवर केला. भागवत सोळा वर्षं, शिरवळकर दहा, संत एकवीस. सरासरी पावणेसोळाच्या आसपास.

“म्हणजे काका,” तो अतिशय आदराने म्हणाला, “पडद्यावर 2045 धरायचं असेल, तर 2029 च्या पुढे आपल्याला थांबून चालणार नाही.”