घाऊकराव

कोथरूडच्या बहुतेक सोसायट्यांत हल्ली एक घाऊकराव असतात. पूर्वी हेच गृहस्थ कोकणातून हापूसच्या पेट्या मागवून जिन्याखाली वाटायचे. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी पाव भाजायचं खूळ शिरलं, जगभरच्या दुकानांतून यीस्ट गायब झालं आणि घाऊकरावांना हापूसपेक्षा मोठं कार्य सापडलं. आंब्याचा हंगाम दोन महिन्यांचा, यीस्टचा बारमाही.

आमचे घाऊकराव बँकेतून निवृत्त झालेले. चष्मा कपाळावर, खिशात कॅल्क्युलेटर. मोबाइलमध्येही कॅल्क्युलेटर असतो हे त्यांना मान्य आहे, पण त्यावर त्यांचा विश्वास नाही. तुम्ही वाण्याकडून यीस्टची छोटी पुडी घेऊन जिना चढताना त्यांना दिसलात की संपलं. "काय ग्रॅम पडलं?" पुडी काय भावाला पडली हे आपल्याला माहीत असतं, ग्रॅम काय पडलं हे कुणाला ठाऊक असतं? ते तिथेच पायरीवर भागाकार करतात, आकडा दोनदा वाचून दाखवतात आणि गळ्याची शपथ घातल्यासारखं सांगतात, "पुन्हा असं करू नका. मला विचारा."

विचारलं की रविवार पेठ सुरू होते. बोहरी आळीतून आणलेला पाचशे ग्रॅमचा, हवा काढून घट्ट बांधलेला इन्स्टंट यीस्टचा ठोकळा ते टेबलावर आपटून दाखवतात. ठण्ण! "बघा, हवेचा कण नाही. असा बंद राहिला तर दोन वर्षं हात लावायला नको." मग कात्री लागते, फुस्स होतं, आणि वीट म्हणून मिरवणारी वस्तू क्षणात भुरभुरीत होऊन बसते. घाऊकरावांची खरी अडचण इथून सुरू होते.

कारण हिशेब असा आहे. अर्धा किलो मैद्याच्या पावाला पाचेक ग्रॅम यीस्ट पुरतं. आठवड्याला एक पाव केला तर ठोकळा शंभर आठवडे चालणार. पण एकदा दमट हवा लागली की त्यातले जीव हळूहळू मान टाकतात. फ्रीजमध्ये चार महिने, फ्रीझरमध्ये फार तर सहाएक महिने भरवसा. म्हणजे स्वस्तात घेतलेलं तीन चतुर्थांश यीस्ट मरणार. ज्या माणसाने आयुष्यभर सोसायटीच्या सभेला दांडी मारली, गणपतीची वर्गणी दार किलकिलं करून दिली, त्याला हे यीस्ट वाचवण्यासाठी आता बाविसाव्या फ्लॅटपर्यंत ओळख काढावी लागली. कुणाची सून केक करते, कोण फोकाचा शिकून आलं, कुणाकडे ओव्हन नुसता स्टीलचे डबे ठेवायला आहे, सगळी माहिती तोंडपाठ.

वाटपाचा रविवार बघण्यासारखा असतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, पंखा बंद (उडतं!), आणि मधोमध सोनाराचा असावा असा नाजूक काटा. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या झिपच्या पिशव्या. प्रत्येकीवर उघडल्याची तारीख, आणि खाली लाल शाईत: "मीठ थेट अंगावर टाकू नये." वहिनींनी सोललेले मटार आणि खवलेलं खोबरं फ्रीझरमधून केव्हाच हद्दपार झालं आहे. रात्री पार्किंगमध्ये पिशव्या आणि पैसे हातोहात जाताना बघून नव्या वॉचमनने सेक्रेटरींना हळूच फोन केला होता. पावडर भुरी आहे, खाकी कोटातले आजोबा वास घेऊन देतात, एवढं त्याने पाहिलं होतं. त्याचं काय चुकलं?

यीस्ट दगावलं की घाऊकराव समाचाराला जातात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींची कणीक सकाळपासून फुगेना. हे थर्मामीटर घेऊन हजर.

"पाणी किती गरम घेतलं होतं?"

"चहाएवढं."

घाऊकराव खुर्चीत बसले. "पंचावन्न-साठ अंशांपुढे कुणी वाचत नाही हो." मग आपल्या पिशवीची अब्रू राखायला त्यांनी कोमट पाण्यात साखर घालून चिमूटभर यीस्ट सोडलं आणि सगळ्या घराला दहा मिनिटं वाटीभोवती उभं केलं. फेस आला. इन्स्टंट यीस्टला ही परीक्षा लागत नाही, ते सरळ मैद्यात मिसळतात, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे; पण साक्षीदार नकोत का?

त्यांना निरुत्तर करणारी एकच व्यक्ती आहे, त्यांच्या मातोश्री. "आम्ही इडली आंबवली, आंबोळी आंबवली, जिलबीचं पीठ आंबवलं. गोव्यात माझी मावशी सांगायची, तिकडचे पोदेर पावाला माडाची सुर घालायचे. आम्हाला तुझी ही पुडी कधी लागली नाही." घाऊकराव कॅल्क्युलेटरकडे हात नेतात आणि परत घेतात. फुकटला भागणार कशाने?

आणि स्वतःचा पाव? तो त्यांनी सुरुवातीला दोन-चारदा केला. मग मैदा, वीज, लोणी आणि वहिनींचा संताप धरून लादीचा भाव काढला. तेव्हापासून रोज सकाळी ते कोपऱ्यावरच्या बेकरीतून लादी आणतात, फडक्याखाली झाकून. मला हे वावगं वाटत नाही. शेअर बाजारात पैसे गुंतवणारे सगळे कुठे सिमेंट खातात?

मध्यंतरी प्रकृती थोडी बिघडली होती. न्यू जर्सीच्या मुलीने कॉस्टकोमधल्या दोन पौंडी यीस्टचा फोटो पाठवला. घाऊकरावांनी पौंडाचे ग्रॅम केले, डॉलरचे रुपये केले, आणि रात्रभर कूस बदलत राहिले. वर सोळाव्या फ्लॅटमधल्या सिनॅमन रोलवाल्या मुलीने शंका काढली, की गोड पिठात साखर यीस्टचं पाणी ओढून घेते, तेव्हा त्यासाठी वेगळं, साखर सोसणारं यीस्ट मिळतं ना? मिळतं. म्हणजे आता दोन ठोकळे, दोन याद्या, दोन शाया.

सध्या ते अख्ख्या खोक्याच्या विचारात आहेत. खोक्यात वीस ठोकळे, दहा किलो. कोथरूड पुरणार नाही. माझी मेहुणी नाशिकला असते हे त्यांना कुणी सांगितलं देव जाणे. पण परवा जिन्यात थांबवून, घरी माणसं किती, ओव्हन कुठल्या मापाचा आणि फ्रीझरमध्ये जागा होईल का, अशी चौकशी करत होते.