भाषणाविरुद्धच्या भाषणकारांस

आदरणीय तज्ज्ञ मार्गदर्शक,


भंडारा जिल्ह्यातल्या आम्हा गणित-विज्ञान शिक्षकांना आपण प्रशिक्षणात तीन तास एकच गोष्ट पटवलीत : वर्गात भाषण देऊ नका, मुलांना करू द्या, विचारू द्या. पडद्यावर ज्ञानरचनावाद सरकत होता. प्रयोगांची पेटी टेबलाखाली होती. तिची चिकटपट्टीसुद्धा कुणी सोडवली नाही. माझ्या शेजारच्या बाईंनी हात वर केला, तर आपण म्हणालात, ‘प्रश्न शेवटी.’ शेवटी हजेरीपत्रकावर सह्या झाल्या.

सर, आमच्याकडे रोपांसाठी पऱ्हे टाकण्याआधी धानाच्या बियाण्याला मिठाचं पाणी दाखवायला कृषी विभाग सांगतो. 10 लिटर पाणी, 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. शेकडेवारी आणि घनता एकाच बादलीत. मी ती बादली वर्गात नेली, तर एका पोरीनं विचारलं, ‘मिठाऐवजी साखर टाकली तर?’ मला उत्तर येईना. घाम फुटला. शिक्षक भाषण देतो ते याच भीतीपोटी, कारण भाषणाच्या मधे असा प्रश्न घुसत नाही. दुसऱ्या दिवशी साखर आणली, करून पाहिलं : तेवढ्याच साखरेत कमी दाणे तरंगले. का, यावर अख्खी तासिका गेली आणि भीती थोडी गेली.

ही भीती पडद्यानं जात नाही. सातपुड्यापलीकडे होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली 16 शाळांत विज्ञानाचा उपक्रम सुरू झाला. तिथल्या प्रशिक्षणात शिक्षक टोळ्या करून मुलांचे प्रयोग आधी स्वतः करायचे, चुकायचे, भांडायचे. विद्यापीठातले प्राध्यापक त्यांच्यासोबत बसायचे. 2002 मध्ये सरकारनं तो बंद केला, पण तीस वर्षं तो चालला, हे तर खरं ना? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकाच्या वाट्याला वर्षाचे 50 तास प्रशिक्षण आहे. त्यातले माझे तीन आपण बोलण्यात घालवलेत. मला ते परत हवे आहेत.

पुढच्या खेपेला पेटी उघडा. बादली, मीठ, धान मी आणतो. आणि बाईंचा प्रश्न मी बसस्टँडवर विचारून घेतला, तो असा : वर्गात पंचेचाळीस मुलं आणि बादली एकच, तर बादलीभोवती न मावणाऱ्या चाळीस जणांनी त्या वेळी काय करायचं?

आपला,
शेवटून दुसऱ्या रांगेतला शिक्षक