तिघांवरही सारखाच अन्याय

ऑरॅक्सिस या ग्रहावर २०१२ च्या नोव्हेंबरपासून युद्ध चालू आहे आणि ते कधीच संपू नये याची चोख व्यवस्था केलेली आहे. ‘प्लॅनेटसाइड २’ या ऑनलाइन खेळातला हा ग्रह. तिथे तीन फौजा आहेत. टेरन रिपब्लिक शिस्तीसाठी लढते, न्यू काँग्लोमरेट स्वातंत्र्यासाठी, आणि व्हानू सॉव्हरेंटी परग्रहवासीयांच्या तंत्रज्ञानापुढे हात जोडून उभी. तिघांचं कशावरही एकमत नाही. अपवाद एकच : खेळ बनवणारी कंपनी फक्त आमच्याच मुळावर उठली आहे!

२४ जानेवारी २०१५ रोजी इथल्या एका लढाईत १,१५८ खेळाडू एकाच वेळी उतरले आणि गिनेसच्या पुस्तकात विक्रम नोंदला गेला. त्यातल्या कुणालाही विचारलं असतं तर शत्रूचा रणगाडा आपल्यापेक्षा भारी, हेच उत्तर मिळालं असतं. इतकी एकजूट एरवी कुठल्या रणांगणावर दिसणार?

मुळात रणगाडे बघा. टेरनांच्या प्राउलरला दोन नळ्या. एका जागी पाय रोवले की तो धडाधड गोळे टाकतो. काँग्लोमरेटचा व्हॅनगार्ड म्हणजे जाड कातडीचं धूड, वर संरक्षक कवच. व्हानूंचा मॅग्रायडर तर जमिनीला टेकतच नाही. तरंगतो, खेकड्यासारखा आडवा सरकतो, दुसऱ्यांचे रणगाडे घसरतात त्या डोंगरावर जाऊन बसतो. आता या तिघांना समान करा, असं कंपनीच्या कचेरीतल्या बिचाऱ्या अभियंत्यांना सांगितलेलं आहे. प्राउलरवाला म्हणतो, आमचा पत्रा पातळ. व्हॅनगार्डवाला म्हणतो, आम्ही वळेपर्यंत लढाई संपते. मॅग्रायडरवाला म्हणतो, आमची मुख्य तोफ फिरतच नाही, अख्खा रणगाडा फिरवावा लागतो. तिघंही खरं बोलतात, हीच तर पंचाईत!

मग दुरुस्त्या येतात. तोफेची धार वाढवली तर बफ, उतरवली तर नर्फ. बफ झाला की खेळाडू त्याला ‘उशिरा सुचलेलं शहाणपण’ म्हणतो. नर्फ झाला की कट.

सगळ्यात बहारदार प्रकरण हॅरॅसरचं. ही तीन माणसांची उघडी, चपळ गाडी २०१३ मध्ये आली. एक हाकणार, एक तोफ चालवणार आणि तिसरा मागे लटकून धावत्या गाडीचीच डागडुजी करणार. रणगाड्याची तोफ या गाडीवर चढवली आणि रणगाडेवाल्यांची पळता भुई थोडी झाली. टेरनांची व्हल्कन ही गरगर फिरणारी तोफ तर विशेष बदनाम. कंपनीने तोडगा काढला : या गाडीसाठी तोफांची वेगळी आवृत्ती, नाव तेच, शेपटीला फक्त ‘एच’, आणि ताकद कमी. व्हल्कन-एच, सॅरॉन-एच. आपल्याकडे नावापुढे अक्षरं लागली की पगार वाढतो. ऑरॅक्सिसवर दात पडतात.

आणि हे सगळं आकडेवारीच्या आधारे बरं का! कुठल्या तोफेने तासाला किती बळी घेतले याचा हिशेब कंपनीकडे असतो. होतं काय, की मुरलेले खेळाडू चांगली तोफ उचलतात, त्यांच्या हातगुणाने आकडा फुगतो, आणि तोफेला शिक्षा होते. मुरलेला गडी दुसऱ्या दिवशी दुसरी तोफ घेऊन हजर. मरण नवशिक्याचं. त्याने तीच तोफ महिनाभर खेळून गुण साठवून घेतलेली असते, किंवा सरळ खिशातले खरे पैसे मोजून.

दरम्यान खेळाचे मालक बदलले, सोनीच्या कंपनीची डेब्रेक झाली. २०१७ मध्ये चिलखतापासून गोळ्यांपर्यंत वाहनांचं सगळंच गणित नव्याने मांडलं गेलं. रणगाडेवाल्यांना वाटलं कंपनी पायदळाच्या खिशात आहे, पायदळाला वाटलं रणगाड्यांच्या. पायदळातले काही वीर पाठीला झोत लावून उडतात आणि रणगाड्यावर सी-४ या स्फोटकाच्या विटा सोडतात. त्यांना प्रेमाने ‘परी’ म्हणतात. रणगाडा साडेचारशे नॅनाइटचा (हे तिथलं चलन), वीट पंचाहत्तरची. दोन विटांत साडेचारशेचा जीव कंठाशी. मेलेला सैनिक तक्रार करत नाही, तो काही सेकंदांत पुन्हा जिवंत होतो. नर्फ झालेल्या तोफेला मात्र सुतक वर्षभर.

२०१९ मध्ये चौथी जमात आली : भाडोत्री यंत्रमानव. त्यांना ना ध्वज ना तत्त्व; जिकडे माणसं कमी, तिकडून लढायचं. वाटलं, निदान हे तरी तटस्थ राहतील. मग त्यांनाही कायमेरा नावाचा स्वतःचा रणगाडा मिळाला. आता कंपनीचा डोळा आपल्याच तोफेवर आहे, असं त्यांनाही वाटू लागलं असेल, तर त्यांना ऑरॅक्सिसचं रेशनकार्ड द्यायला हरकत नाही.