ध्यानस्थ निद्रेसंबंधी नियमावली

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून जो गृहस्थ स्वगृही परततो, त्याच्या चित्ताची शुद्धी कितपत झाली हा प्रश्न तूर्त तहकूब ठेवला, तरी त्याच्या घरातील समस्त इसमांची पहाटेची झोप बिनशर्त जप्त होते, एवढे निर्विवाद आहे. आमचे वडील बंधू अण्णा, ज्यांनी मामलेदार कचेरीत अव्वल कारकुनी करीत असता हातातली लेखणी न पाडता दुपारची डुलकी काढण्याची विद्या हस्तगत केली होती, ते हल्ली चारचा गजर लावून माजघरात आसन मांडतात; सव्वाचारपर्यंत त्यांचे लक्ष नाकपुड्यांपाशी असते, आणि तदनंतर हनुवटी छातीवर रुजू होते. त्यांच्या व तत्सम साधकांच्या उपयोगार्थ हे नियम सादर केले आहेत.

प्रथम, झोपेला झोपच म्हणावे. अण्णा तिला ‘खोल अवस्था’ म्हणतात. परंतु जिचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत पोचतो अशी समाधी त्रिपिटकात कोठे नमूद असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. तेथे नमूद आहे ते असे, की चित्ताच्या आड येणाऱ्या पाच नीवरणांमध्ये कामच्छंद, व्यापाद अशा नामांकित शत्रूंच्या पंक्तीला थीनमिद्ध, म्हणजे आपला हा आळस व ही पेंग, यांनाही पाट मांडलेला आहे.

दुसरे, संकोच नसावा. जो पुढे सारिपुत्ताच्या जोडीने बुद्धाचा अग्रश्रावक झाला, तो महामोग्गल्लान मगधातील एका गावी ध्यानास बसून चक्क पेंगत होता, आणि खुद्द भगवंतांनी येऊन त्याला एकामागून एक तोडगे सांगितले, ही हकीकत अंगुत्तर निकायात दफ्तरदाखल आहे. एवढ्या थोर पुरुषाची डुलकी ज्यांनी लपवली नाही, त्या भिक्षूंविषयी मला फार आदर वाटतो.

ज्या विचाराच्या संगतीने पेंग आली त्याला थारा देऊ नये, हा पहिला तोडगा. ऐकलेला धर्म आठवावा, व तेवढ्याने न भागल्यास तो सविस्तर म्हणावा. पहाटे सव्वाचारला मोठ्याने म्हणण्यास वहिनींची सक्त हरकत आहे. पुढे कान ओढून अंग चोळावे, असे आहे. हे कान स्वतःचेच असावेत; इतरांचे ओढण्याची मुभा सूत्रात असती, तर आमच्या घरातील साधकांची संख्या एका सकाळीत दुप्पट झाली असती.

उठून पाण्याने डोळे धुवावेत आणि दिशांकडे, नक्षत्रांकडे पाहावे, हा तोडगा मात्र थट्टेवारी नेण्यासारखा नाही. माघातल्या पहाटे परसात येऊन हौदातले गार पाणी डोळ्यांना लावले, की उत्तरेला सप्तर्षी चांगले वर आलेले दिसतात, हवा नाकपुडीच्या आतल्या कडेला नुसती लागत नाही तर चावते, आणि नाकाखालच्या ज्या इवल्याशा जागेवर श्वासाचा स्पर्श शोधण्यात शिबिराचे पहिले तीन दिवस खर्ची पडतात, तो तेथे विनासायास सापडतो. हे मला अण्णांनीच दाखवले. आणि त्या वेळी ते पूर्ण जागे होते.

भोजनाविषयी सूत्र या ठिकाणी गप्प आहे, म्हणून मीच सांगतो. शिबिरात अकराच्या जेवणानंतर नव्या साधकाला सायंकाळी पाच वाजता चहा, थोडी फळे व चुरमुरे यांवर रात्र काढावी लागते, आणि तेथली पहाट हलकी जाते याचे निम्मे श्रेय त्या चुरमुऱ्यांना आहे. घरी येऊन रात्री साडेनऊला पिठलेभात, वर ताक, आणि पहाटे अनित्यतेचा बोध, हा बंदोबस्त टिकणारा नव्हे. पाठीमागे भिंत असू नये. येरझाऱ्या घालाव्यात, त्यांत पाटाला ठेच लागू देऊ नये.

इतके करूनही पेंग हटली नाही तर उजव्या कुशीवर, पायावर पाय ठेवून, सिंहासारखे निजावे, असा अखेरचा तोडगा आहे. वीर्य, श्रद्धा, सप्तर्षी सारे उपाय थकल्यावर निजण्याची परवानगी देणारा गुरू मला दुसरा माहीत नाही. मात्र अमुक वेळी उठेन असा निश्चय मनाशी पक्का करून, स्मृती जागी ठेवून निजावे, असा त्या कलमाचा उत्तरार्ध आहे. अण्णांनी पूर्वार्धाची अंमलबजावणी कालपासून सुरू केली असून, उत्तरार्धाचे काम, म्हणजे सहा वाजता त्यांना हलवून उठवण्याचे, लेखी हुकुमावाचूनच माझ्याकडे वर्ग झाले आहे.