पिंपांच्या गोष्टी पुरे झाल्या

चेकोस्लोव्हाकियातल्या कम्युनिस्ट राजवटीवरचा कुठलाही लेख उघडा, त्यात कोळसा टाकणारा एखादा विद्वान भेटतोच. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले नाटककार वाक्लाव हावेल १९७४ साली त्रुत्नोवच्या बिअर कारखान्यात पिंपं ढकलत होते. पत्रकार यिर्झी डीन्स्टबीअर बॉयलर सांभाळता सांभाळता डिसेंबर १९८९ मध्ये परराष्ट्रमंत्री झाले. प्रागमध्ये खिडक्या पुसणारे मिलोस्लाव व्ल्क हे धर्मगुरू पुढे तिथलेच आर्चबिशप झाले. सगळं खरं आहे. पण हे किस्से कौतुकानं, चवीनं सांगितले जातात, याचा मला मनापासून राग येतो.

त्या किस्स्यांतून शिक्का गळतो. ओळखपत्राच्या पुस्तिकेत नोकरी देणाऱ्याचा शिक्का असावा लागे. तो नसेल तर माणूस ऐतखाऊ ठरून त्याच्यावर फौजदारी खटला होऊ शकत असे. १९६८ च्या सोव्हिएत आक्रमणानंतर पक्षातून तीन लाखांहून अधिक माणसं काढली गेली आणि त्यांतल्या असंख्यांच्या नोकऱ्याही गेल्या. नोकरीवरून हाकलणारं सरकारच, नोकरी नाही म्हणून पकडणारंही सरकारच, आणि दुसरी नोकरी मागायची तीही सरकारकडेच! नव्या जागी माणसाच्या आधी त्याची फाइल पोचायची. तिच्यात काय लिहिलंय हे त्याला कुणी दाखवत नसे. मग उरायचं बॉयलरघर किंवा रात्रीची राखण. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्णपदकं मिळवणारा धावपटू एमिल झाटोपेक लष्करातून निघाला तो बोअर खोदणाऱ्या पथकात गेला.

जन्मभर यंत्रावरच राबलेल्या कामगाराची आठवण तर कुणीच काढत नाही. राज्य म्हणे त्याचं होतं. मे १९५३ च्या अखेरीस राष्ट्राध्यक्ष झापोतोत्स्की यांनी चलन भक्कम असल्याची रेडिओवरून ग्वाही दिली. हे स्वतः दगड घडवण्याचं काम केलेले गृहस्थ. दुसऱ्याच दिवशी चलनबदल जाहीर झाला. माणशी ३०० क्राऊनपर्यंतची रोकड पाचास एक दरानं बदलून मिळणार होती, त्यापुढची पन्नासास एक. पगार पाचास एकनंच बदलले, पण घरात साठवलेली पुंजी मातीमोल झाली. १ जूनला पिल्झेनच्या श्कोडा कारखान्यातले कामगार रस्त्यावर आले. त्यांच्याच नावानं चालणाऱ्या सरकारनं त्यांना चिरडलं आणि तुरुंगात टाकलं.

आणि नोकरीवरून हाकललेल्यांच्या मुलांचं काय? बापाच्या फाइलमुळे मुलांना विद्यापीठाची दारं बंद होत. १९७० साली अठरा वर्षांची असलेली मुलगी १९८९ साली सदतीस वर्षांची झाली होती. तोवर तिचं लग्न झालेलं, पदरात मुलं, हातात मिळेल ती नोकरी. बाप मंत्री झाला असता, तरी तिच्या प्रवेशाचं वय टळून गेलं होतं. आणि बहुतेकांचे बाप मंत्री झालेच नाहीत. ते बॉयलरघरातूनच निवृत्त झाले.